हात चालतो, पण शिकवताना शब्द अडतात

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी फिटर ट्रेडचा. आयटीआय आणि अप्रेंटिसशिप करून पाच वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केलं. यंदा तालुक्याच्या आयटीआयमध्ये जोडारी (फिटर) ट्रेडला शिल्पनिदेशक म्हणून लागलोय. पहिल्या वर्षाची २० जणांची तुकडी आहे. कानस (धातू घासायची फाइल) मी डोळे मिटून चालवतो, पण ती कशी चालवायची हे सांगता येत नाही. डेमो पाहून पोरं माना डोलावतात आणि बेंचवर गेली की वाटेल ते करतात. एका आठवड्यात डझनभर हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत) ब्लेडं तुटली, स्टोअरवाले बोलले. थिअरीचा तास पंधरा मिनिटांत संपतो, मग काय करायचं सुचत नाही आणि आवाज कापतो. एक मुलगा मामाच्या वर्कशॉपमध्ये काम केलेला आहे. तो असे प्रश्न विचारतो की घाम फुटतो. पुन्हा कंपनीत जावं का, असं रोज वाटतं."

नमस्कार,

तुमच्या पत्रात एका वाक्यात सगळं आलंय: कानस चालवता येते, सांगता येत नाही. याचा धीटपणाशी संबंध नाही. हाताला एखादं काम पक्कं बसलं की त्यातले बारकावे माणसाच्या ध्यानातून जातात. स्ट्रोकच्या सुरुवातीला डाव्या हातावर असलेला जोर शेवटी उजव्या हातावर जातो, हे तुम्ही रोज करता, पण करताना तुम्हाला ते जाणवत नाही. जे जाणवत नाही ते सांगणार कसं? आणि सांगता आलं नाही की वर्गासमोर घसा कोरडा पडतो. म्हणून आरशासमोर बोलण्याचा सराव, मोठा आवाज, कडक चेहरा असले सल्ले आम्ही देणार नाही. तुमची अडचण व्हाइसवर (काम घट्ट धरणाऱ्या शिकंज्यावर) सुटणारी आहे, त्यासाठी एक कागद आणि संध्याकाळचा एक तास पुरे.

कागदावर तीन रकाने आखा: पायरी, महत्त्वाचा मुद्दा, कारण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या मुकादमांना नवे कामगार पटकन कसे तयार करायचे हे शिकवण्यासाठी सरकारी कार्यक्रम चालला होता, त्यातून ही पद्धत आली. पुढे सीआयटीएसला (निदेशकांच्या प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला) जाल तेव्हा तिथल्या डेमो प्लॅनमध्येही हाच गाभा दिसेल. पायरी म्हणजे काम पुढे सरकवणारी कृती. मुद्दा म्हणजे ज्यामुळे ती पायरी जमते, फसते किंवा इजा होते ती गोष्ट. तिसरा रकाना भरायला नव्या निदेशकाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि कामाला सगळ्यात जास्त तोच येतो. कारण माहीत असलं की कुठल्याही प्रश्नाला तुम्ही तयार असता.

हा कागद बसून लिहू नका. व्हाइसमध्ये तुकडा पकडा, उजव्या हाताने काम करणारे असाल तर कानस डाव्या हातात धरा आणि सुरू करा. दोन मिनिटांत तुमचा हात शिकाऊ मुलासारखा चुकायला लागेल. कानस डोलेल, कोपर बाहेर जाईल, खांदा दुखेल. उद्या वर्गात नेमकं हेच होणार आहे. चूक झाली की थांबा आणि कागदावर टिपा.

कानसकामाचा असा कागद साधारण कसा होतो ते बघा. समजा ५० मिमी चौरस आणि १० मिमी जाडीचा माइल्ड स्टीलचा तुकडा सपाट आणि काटकोनात आणायचा आहे.

पहिली पायरी व्हाइसची उंची. हात कोपरात दुमडून मूठ हनुवटीखाली लावली की कोपर व्हाइसच्या जबड्याला टेकलं पाहिजे. बुटक्या मुलांसाठी पायाखाली लाकडी फळी ठेवा. हे कोणी करत नाही, मग ती मुलं खांदे उचलून कानस चालवतात, पहिल्या अर्ध्या तासात थकतात आणि "याला जमत नाही" असा शिक्का बसतो. दुसरी पायरी पकड. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, जबड्याच्या मधोमध आणि घासायची बाजू जबड्यापासून ५ ते १० मिमी वर. त्याहून वर असला की तुकडा थरथरतो, कानस किंचाळते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. तयार झालेली बाजू पकडायची असेल तर मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे किंवा तांब्याचे मऊ जबडे घाला.

तिसरी पायरी प्रत्यक्ष स्ट्रोक. डावा पाय पुढे. स्ट्रोक सुरू होताना डाव्या हातावर जोर जास्त, मध्यावर दोन्हींवर सारखा, शेवटी उजव्यावर जास्त. परत येताना दाब सोडायचा, कारण दात पुढे जाताना कापतात आणि मागे येताना दाबलं तर नुसतेच बोथट होतात. जोराची ही अदलाबदल झाली नाही की कानस डोलते आणि कडा खाली जाऊन मध्ये फुगवटा राहतो. पहिल्या महिन्यात २० पैकी बहुतेकांच्या जॉबला फुगवटा येईल. तो आळसाने येत नाही, तेव्हा त्यावर ओरडून उपयोग नाही. आधी कानस तिरकी एका दिशेने, मग त्यावर आडवी दुसऱ्या दिशेने चालवायला सांगा. चरे जिथे एकमेकांना छेदतात तिथे धातू उंच आहे, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं आणि कुठे घासायचं ते तुम्हाला सांगावं लागत नाही.

चौथी पायरी तपासणी. सर्वात जास्त जॉब इथे बिघडतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. घासताना कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कोर, येते. बर न काढता गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) लावला तर तो नीट बसत नाही, उजेड दिसतो आणि मुलगा बिचारा बरोबर असलेली बाजू पुन्हा घासत राहतो. तासाभराने ५० चा तुकडा ४८ वर आलेला असतो. म्हणून गुण्या हातात घेण्याआधी बर काढायची, जॉब पुसायचा, व्हाइसमधून सोडवायचा आणि डोळ्याच्या पातळीवर उजेडाकडे धरून बघायचं. गुण्या पृष्ठभागावरून ओढत न्यायचा नाही, उचलून पुढे ठेवायचा. सपाटी बघताना पट्टीची कड लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर लावायची. फक्त लांबीत तपासलेला जॉब कर्णावर पिळलेला निघतो.

कागदाच्या खाली दोन-तीन बारीक गोष्टींना जागा ठेवा. घासलेल्या बाजूवर बोट फिरवलं की बोटाचं तेल लागतं आणि कानस घसरते. दातांत कीस अडकला की पृष्ठभागावर खोल ओरखडे पडतात. त्यासाठी कानशीला खडू चोळायचा आणि अधूनमधून तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेत साफ करायचं. आणि मुठीशिवाय कानस कोणी उचलायची नाही, मागचं टोक तळहातात घुसतं.

असा कागद प्रत्येक डेमोला एक. पहिल्या वर्षाचे दहा-बारा मुख्य डेमो आहेत, दिवाळीपर्यंत निम्मे होतील. पुढच्या तुकडीला हेच कागद कामी येतील आणि दर वर्षी त्यात दोन ओळी वाढतील.

डेमो कसा उभा करायचा

एका व्हाइसभोवती २० जण उभे राहिले की पाच-सहा जणांना दिसतं, बाकीच्यांना पुढच्याची पाठ. मुलं माना डोलावतात आणि नंतर वाटेल ते करतात, त्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. तुकडी दहा-दहाच्या दोन गटांत घ्या. एका गटाला डेमो दाखवताना दुसऱ्याला मार्किंगचं किंवा ड्रॉइंगचं बसून करायचं काम द्या. मशीनवरचं काम अशा वेळी देऊ नका, कारण तुमची पाठ तिकडे असणार. मुलांना तुमच्या समोर उभं करू नका, बाजूला आणि मागे अर्धगोलात करा. समोरून बघणाऱ्याला उजवं-डावं उलटं दिसतं. वर्गात डावखुरी मुलं असतील तर मात्र त्यांना समोर उभं करा, त्यांना आरशासारखं दिसलेलं सोयीचं पडतं.

डेमोच्या चार फेऱ्या ठेवा. पहिली फेरी नेहमीच्या वेगाने, एक शब्दही न बोलता. इथे तुमचा अनुभव दिसतो आणि वर्ग आपोआप गप्प होतो. शब्द अडणाऱ्या माणसाने डेमोची सुरुवात बोलण्याने का करावी? दुसरी फेरी सावकाश, प्रत्येक पायरीला थांबून, मुद्दा आणि कारण सांगत. तिसऱ्या फेरीत हात तुमचे आणि बोलणं मुलांचं. "आता काय करू?" असं विचारा, ते सांगतील तेवढंच करा. चुकीचं सांगितलं आणि धोका नसेल तर तसंच करून दाखवा. चौथ्या फेरीत एक मुलगा किंवा मुलगी करेल आणि करता करता कारणं सांगेल. इथे सगळ्यात हुशार मुलाला बोलावू नका, मधल्या फळीतल्याला बोलावा. त्याला जमलं तर बाकीच्यांना जमण्याची आशा असते. चारही फेऱ्या मिळून पंधरा मिनिटांत आटपल्या पाहिजेत. त्याहून जास्त वेळ लागला तर तुम्ही एका डेमोत दोन डेमो कोंबले आहेत असं समजा.

ब्लेडं का तुटतात

डझनभर ब्लेडांचं स्टोअरवाल्यांना वाईट वाटणं साहजिक आहे, पण तुमच्यासाठी ती ब्लेडं कामाची आहेत. तुटलेलं प्रत्येक ब्लेड कुठे आणि कसं तुटलं हे बघितलं की डेमोत काय राहून गेलं ते कळतं.

ब्लेड मधोमध तुटलं असेल तर बहुधा ते ढिलं होतं, जॉब हलला होता किंवा काप जबड्यापासून लांब घेतला होता. कापायची रेघ जबड्यापासून १० मिमीच्या आत ठेवा. ब्लेड बसवताना ते ताणणारा विंग नट हाताने घट्ट करायचा आणि चार-सहा स्ट्रोक झाले की पुन्हा थोडा आवळायचा, कारण ब्लेड तापून सैल होतं. पक्कड लावून आवळलेलं ब्लेडही तुटतं. दात पुढच्या दिशेला म्हणजे मुठीपासून दूर असले पाहिजेत. उलटं ब्लेड लावणारा प्रत्येक तुकडीत एक तरी असतोच.

दात झडले असतील तर कारण वेगळं. पातळ कामाला जाड दातांचं ब्लेड वापरलं की एका वेळी एकच दात धातूवर येतो आणि तो उपटला जातो. नियम सोपा आहे, निदान तीन दात एका वेळी धातूवर हवेत. १.८ मिमी पिचच्या (दोन दातांतल्या अंतराच्या) ब्लेडला त्या हिशेबाने साडेपाच मिमीच्या आसपास जाडी लागते. १० मिमी पट्टीला ते चालतं, पातळ नळीला ०.८ चं घ्यावं लागतं. सुरुवात धारदार कडेवर एकदम न करता त्रिकोणी कानशीने बारीक खाच पाडून करायला लावा.

एक कारण मात्र पुष्कळ जण सांगायचं विसरतात. अर्ध्यात ब्लेड तुटलं की मुलगा नवं ब्लेड लावतो, जुन्याच कापात घालतो आणि दोन स्ट्रोकमध्ये तेही तोडतो. जुनं ब्लेड झिजलेलं असतं, त्याच्या दातांची फाक (दात दोन्ही बाजूंना वळवलेले असतात ती रुंदी) कमी झालेली असते, म्हणून त्याने पाडलेला काप अरुंद असतो. नव्या ब्लेडची फाक रुंद, ते त्यात अडकतं. उपाय एकच, जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने नवा काप सुरू करायचा. एवढं एक वाक्य डेमोत आलं तरी स्टोअरची तक्रार बरीच कमी होईल. वेग मिनिटाला ४० ते ५० स्ट्रोक, ब्लेडची पूर्ण लांबी वापरून. काप संपत आला की दाब आणि वेग दोन्ही कमी. पोरांना शर्यत लावायची हौस असते, तिला इथे थारा देऊ नका.

बेंचवर फिरण्याचाही हिशेब ठेवा. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये १२० मिनिटं असतात. पहिली फेरी प्रत्येकाला एक मिनिट, फक्त उभं राहणं आणि जॉबची पकड बघायची. २० मिनिटं गेली. दुसरी फेरी प्रत्येकाला तीन मिनिटं, स्ट्रोक आणि तपासणी. एक तास गेला. उरलेली ४० मिनिटं ज्यांना अडलंय त्यांच्यासाठी. हा हिशेब नसला की निदेशक दोन-तीन मुलांत गुंततो आणि मागच्या बेंचवरचा मुलगा तास संपेपर्यंत चुकीचंच घोटत बसतो.

आणि एक मोह टाळा. मुलाच्या हातातली कानस घेऊन त्याचा जॉब नीट करून देऊ नका. कारखान्यातून आलेल्या माणसाला बिघडलेलं काम बघवत नाही, हात शिवशिवतो, हे आम्हाला समजतं. पण जॉब सुधारतो तो तुमच्या हाताने आणि मुलाच्या हाताला काहीच मिळत नाही. खिशात भंगारातला एक तुकडा ठेवा, दाखवायचं असेल ते त्यावर दाखवा आणि मग मुलाला त्याच्या जॉबवर करायला लावा.

थिअरीचा तास पंधरा मिनिटांत का संपतो

कारण तुम्ही माहिती सांगता आणि थांबता. मुलांना करायला काहीच नसतं. निमीच्या (आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या) पुस्तकातलं पान वाचून दाखवलं तर बारा मिनिटं, तेच फळ्यावर लिहिलं तर पंधरा. त्यापेक्षा एका तासाला एकच कल्पना घ्या आणि तिच्यावर मुलांना कामाला लावा.

व्हर्निअर कॅलिपर घ्या. पहिली पाच मिनिटं प्रश्नाची: पोलादी पट्टीने २४.३४ मिमी मोजता येईल का? का नाही? पुढची दहा मिनिटं फळ्यावर मोठी आकृती. ती तासात काढू नका, आधीच काढून ठेवा आणि शेवटच्या बाकावर बसून दिसते का ते पाहा. मेन स्केलचा एक भाग १ मिमी. व्हर्निअरचे ५० भाग मेन स्केलच्या ४९ मिमीत बसवलेले, म्हणजे एक भाग ०.९८ मिमी. दोघांतला फरक ०.०२, तेच लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सर्वात लहान माप. मग एक उदाहरण: व्हर्निअरच्या शून्याच्या डावीकडे मेन स्केलवर २४, सतरावी रेघ जुळते, १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४, वाचन २४.३४.

इथे आपण थांबायचं, काम मुलांकडे द्यायचं. चौघांत एक व्हर्निअर, आणि तुम्ही आदल्या दिवशी मोजून नंबर टाकून ठेवलेले पाच नग: पिन, बुश, पट्टीचा तुकडा, नट, ड्रिलची शँक. प्रत्येकाने स्वतः वाचन घ्यायचं, शेजाऱ्याशी बोलण्याआधी वहीत लिहायचं. वीस मिनिटं आरामात जातात. शेवटी आकडे फळ्यावर घ्या. तफावत येणारच, आणि त्या तफावतीवर उरलेला तास चालतो. कोणी जबड्याची कड शून्य समजून वाचलं, कोणी तिरक्या नजरेने बघितलं, कोणी जबडा करकचून आवळला. एका व्हर्निअरची शून्य चूक असेल तर तोही धडा: जबडे मिटल्यावर व्हर्निअरचं शून्य मेन स्केलच्या शून्याच्या उजवीकडे ०.०४ वर असेल तर तेवढं वाचनातून वजा करायचं.

"समजलं का?" हा प्रश्न बोलण्यातून काढून टाका. त्याला वर्ग नेहमी "हो सर" म्हणतो आणि तुमच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी "ब्लेड उलटं लागलं तर काय होईल?", "१० मिमी ड्रिलला स्पीड काय लावू?" असं विचारा. प्रश्न आधी सगळ्या वर्गाला, मग मनात पाच आकडे मोजा, मग नाव घ्या. नाव आधी घेतलं की बाकीचे १९ जण विचार करणं सोडून देतात. पाच आकड्यांची ती शांतता सुरुवातीला खायला उठते, पण टिकवून धरा. ड्रिलच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं सोडवून ठेवा: एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल, माइल्ड स्टील, कटिंग स्पीड मिनिटाला ३० मीटर धरला तर ३० गुणिले १००० भागिले ३.१४ गुणिले १०, म्हणजे सुमारे ९५५ आरपीएम. मशीनवर त्याच्या खालचा जवळचा वेग लावायचा.

दहावी मराठीतून झालेल्या मुलांसाठी फळ्याच्या एका बाजूला शब्दांची यादी चालू ठेवा. कानस म्हणजे फाइल, गुण्या म्हणजे ट्राय स्क्वेअर. संगणकावरच्या परीक्षेत ओळखीची वस्तू अनोळखी नावाने समोर आली की येत असलेलं उत्तरही चुकतं.

मामाच्या वर्कशॉपमधला मुलगा

तो तुम्हाला पाडायला विचारतो की खरंच जाणून घ्यायला, याचा तपास करत बसू नका. प्रत्येक प्रश्न खरा धरा. समजा त्याने टॅपबद्दल, म्हणजे भोकात आटे पाडायच्या अवजाराबद्दल, विचारलं, "सर, एम १० टॅपला ड्रिल साडेआठचं का? पुस्तकात आतल्या आट्याचा लहान व्यास तर ८.३७६ दिलाय." प्रश्न चांगला आहे. १० मधून दीडचं पिच (दोन आट्यांतलं अंतर) वजा करून ८.५ येतं, हा शॉपचा हिशेब. भोक थोडं मोठं असलं की टॅप हलका फिरतो, अडकून तुटत नाही, आणि आट्याची पकड कामाला पुरेशी राहते. हे माहीत असेल तर सांगा. नसेल तर फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहा, खाली उद्याची तारीख टाका आणि म्हणा, "याचं कारण मी बघून सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी तास त्याच प्रश्नाने सुरू करा. ही दुसरी गोष्ट चुकवली तर पहिलीला काही अर्थ नाही. मुलं उत्तर विसरतील, पण तुम्ही शब्द पाळला की नाही हे विसरत नाहीत.

दडपून ठोकून द्यायचं मात्र कधीच नाही. इतर विषयात चुकीचं उत्तर वहीत राहतं. आपल्या ट्रेडमध्ये ते टॅप मोडतं, जॉब भंगारात घालतं, कधी कोणाचं बोट घेतं.

त्या मुलाला तुमचा मदतनीस करण्याचा सल्ला काही जण देतील. आम्ही देणार नाही, निदान पहिल्या सहामाहीत. वर्कशॉपमध्ये शिकलेल्या मुलांचा हात वेगवान असतो, पण मार्किंग, मोजमाप आणि सुरक्षेच्या सवयी कच्च्या असतात. त्याला तोच जॉब द्या, पण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आवळून. इतरांना पहिल्या जॉबला अधिक-उणे ०.५ मिमी असेल तर त्याला ०.२ द्या. त्याला आव्हान मिळतं आणि त्यालाही शिकायचंय हे वर्गाला दिसतं.

गुणांचं गणित जॉब सुरू होण्याआधी भिंतीवर लावा. रोजच्या जॉबसाठी १०० पैकी मापाला ३०, काटकोनाला २०, सपाटीला २०, फिनिशला १०, मार्किंगला १०, अवजारं हाताळणं आणि सुरक्षेला १० अशी वाटणी चालते. तपासताना मुलाला आधी स्वतःचे गुण लावायला सांगा, मग तुमचे लावा. "सरांनी कमी दिले" हा वाद त्याने जवळजवळ संपतो, कारण बोलणं मोजमापावर येतं. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात आणि थिअरीत ३३, हे मुलांना पहिल्या महिन्यातच सांगा. प्रॅक्टिकल कसंही निघून जाईल, असा त्यांचा समज असतो.

आवाजाबद्दल थोडंच. कापरा आवाज पहिल्या दोन-तीन मिनिटांत जास्त असतो, तेव्हा ती मिनिटं बोलण्यावर ठेवूच नका. हजेरी नावाने घ्या, कालचा एक जॉब हातात फिरवायला द्या, फळ्यावर एक प्रश्न लिहा. नावं पहिल्या आठवड्यात पाठ करा, बेंच नंबरची यादी जवळ ठेवून. मोठा आवाज फक्त धोक्यासाठी राखून ठेवा, एकच ठरलेला शब्द, "थांबा!" तो ऐकला की सगळ्यांनी हात उचलायचे आणि मशीन बंद करायची, हा सराव पहिल्या आठवड्यातच करून घ्या. ड्रिलिंग मशीनवर हातमोजे नाहीत, बाही सैल नाही, केस मोकळे नाहीत, चकची (ड्रिल पकडणाऱ्या भागाची) चावी चकमध्ये सोडायची नाही, कीस हाताने न काढता ब्रशने काढायचा. या बाबतीत ओरडलात तर कोणाला राग येत नाही. ढिसाळ जॉबवरून मात्र चारचौघांत अपमान करू नका. बोलायचं ते जॉबबद्दल बोला, "इथे फुगवटा आहे, डावा हात शेवटी सोडला नाहीस."

जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाला आठवड्यातून एकदा तुमचा डेमो बघायला बोलवा, शक्य असेल तर गटनिदेशकांना. "कसं झालं?" असं मोघम विचारलं तर "छान" एवढंच मिळेल. त्याऐवजी एकच काम सोपवा: मी कारण सांगायचं कुठे विसरलो तेवढं लिहून द्या.

राहिला कंपनीत परतण्याचा प्रश्न. आज निर्णय घेऊ नका. पहिल्या तीन-चार जॉबची एक फेरी पूर्ण होऊ द्या आणि तोवर तीन गोष्टी वहीत टिपा: आठवड्याला किती ब्लेडं तुटली, पहिल्याच तपासणीत मापात बसलेले जॉब किती, आणि डेमोनंतर तोच प्रश्न पुन्हा विचारायला किती जण आले. हे आकडे सुधारत असतील तर तुम्हाला शिकवता येतंय, मन काहीही म्हणो. आकडे सुधारले आणि तरीही रोज सकाळी वर्कशॉपकडे यावंसं वाटत नसेल, तर कंपनीत परत जाण्यात काही कमीपणा नाही.

आयटीआयमध्येच राहायचं ठरलं तर सीआयटीएस लांबवू नका. एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत होतो आणि त्यात ट्रेडबरोबर प्रशिक्षण पद्धती हा स्वतंत्र विषय असतो. प्रवेशाच्या तारखा आणि फिटर ट्रेडचा चालू अभ्यासक्रम भारत स्किल्स आणि डीजीटीच्या (केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या) संकेतस्थळांवर बघत राहा, आणि रजेचं प्राचार्यांशी आधीच बोलून ठेवा. तोवर तयार झालेले डेमोचे कागद जाताना सोबत न्या. तिथे पहिल्याच महिन्यात तुम्हाला डेमो द्यायला उभं करतील.